अमृता शेरगिलची थकलेली मॉडेल

निळीशाई

अमृता शेरगिल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १९३४ नंतरची चित्रं येतात. 'थ्री गर्ल्स', 'ब्राइड्स टॉयलेट', टपाल तिकिटावर आलेल्या 'हिल विमेन'. मातकट तांबडे रंग, खाली वळलेल्या नजरा, बहुतेक अंगभर वस्त्रं. २०२३ साली 'द स्टोरी टेलर' ६१.८ कोटींना विकलं गेलं, तेव्हा पेपरांतही तिच्या याच काळावर रकाने भरले. पण त्याआधीची पाचेक वर्षं ती पॅरिसमध्ये होती आणि तिथे तिने नग्न देहाचे अभ्यास ढिगाने केले. कोळशात आणि तैलरंगात, बायकांचे आणि पुरुषांचेही. त्यातल्या एकाबद्दल हा धागा: 'प्रोफेशनल मॉडेल', १९३३.

चित्रात घडत काहीच नाही. एक विवस्त्र बाई बसलेली आहे. वय उलटलेलं, अंग वाळलेलं, छाती ओघळलेली, चेहरा ओढलेला. तिला पाहून कुणाच्या मनात शृंगार येईल असं वाटत नाही, आणि म्हाताऱ्या बाईच्या चित्रात हटकून दिसणारी कणवही इथे नाही. ती कामावर आहे. काम संपायला अजून अवकाश आहे. चित्र रंगवणारी मुलगी वीस वर्षांची.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय या चित्राचा आगाऊपणा लक्षात येत नाही. अमृता १९१३ साली बुडापेस्टला जन्मली. वडील उमरावसिंग मजिठिया संस्कृतचे व्यासंगी आणि हौशी छायाचित्रकार, आई हंगेरियन, गाणारी. बालपण हंगेरीत, मग १९२१ पासून सिमल्याला. १९२९ मध्ये सगळं कुटुंब पॅरिसला गेलं ते मुख्यतः हिच्या चित्रकलेसाठी. आधी ग्राँद शोमिएर ही खुली कलाशाळा, मग एकोल दे बोझार्त या सरकारी कलाशाळेत चित्रकार ल्युसियाँ सिमोंचा वर्ग. सिमों कधी 'शिकवत' नसत, प्रश्न आमचे आम्हालाच सोडवायला लावत, असं तिने पुढे लिहून ठेवलं आहे.

या शाळांमधला पाया म्हणजे समोर बसवलेला नग्न देह. तीच बैठक रोज सकाळी, कित्येक दिवस. विद्यार्थ्याने प्रमाण साधायचं, वजन कोणत्या पायावर आहे ते ओळखायचं, बरगड्यांवरून उजेड कसा उतरतो ते पाहायचं. या अभ्यासांना तिकडे 'अकॅदेमी' म्हणत. समोरची व्यक्ती कोण, तिचं नाव काय, सकाळी काही खाऊन आली का, याच्याशी अकॅदेमीला कर्तव्य नव्हतं. चेहरा तर बरेचदा नुसता चार फटकाऱ्यांत उरकलेला असे. मॉडेलने माणूस म्हणून मध्ये यायचं नाही, हा अलिखित करार. शेरगिलने तो मोडला, तोही शाळकरी अभ्यासाच्याच चौकटीत राहून आणि शीर्षकात त्या बाईचा धंदा लिहून. 'नग्न स्त्री' नाही, 'बसलेली स्त्री' नाही, व्हीनस तर नाहीच. पोटासाठी बसणारी बाई.

आणि या वर्गात मुलीने बसणं हीच मुळात ताजी गोष्ट होती. एकोल दे बोझार्तने बायकांना दार उघडलं ते १८९७ मध्ये. त्याच्या मागची शे-सव्वाशे वर्षं पाहिली तर हसावं की रडावं कळत नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. चित्रकार झोफनीने १७७१-७२ मध्ये अकॅडमीच्या सदस्यांचं समूहचित्र केलं. त्यात सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत आणि या दोघी भिंतीवर. तसबिरी म्हणून! खोलीत नग्न पुरुष असताना त्या तिथे दाखवणं शिष्टसंमत नव्हतं. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या कलाशाळेत चित्रकार-शिक्षक थॉमस ईकिन्सने विद्यार्थिनींसमोर पुरुष मॉडेलचा लंगोट काढला म्हणून त्याला नोकरी सोडावी लागली. म्हणजे अमृताच्या जेमतेम एक-दोन पिढ्या आधीपर्यंत चित्रकार बाईला माणसाचं शरीर रीतसर पाहायला मिळत नव्हतं. ते मिळाल्याबरोबर हिने काय पाहिलं, तर थकवा.

याच सुमाराचं तिचं 'स्लीप' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, जयपूर हाऊसमध्ये आहे. तिथे धाकटी बहीण इंदिरा झोपली आहे. कॅनव्हासवर तिरपी, वरून पाहिल्यासारखी, काळे केस पसरलेले, एक हात डोक्याशी, बाजूला ड्रॅगनची नक्षी असलेली गुलाबी शाल. तो ड्रॅगन आणि मुलीच्या अंगाचं वळण एकमेकांना जाब दिल्यासारखे चालतात. मला त्या चित्रातला तिचा ब्रश सगळ्यात मोकळा वाटतो. मग १९३४ मध्ये 'सेल्फ पोर्ट्रेट अ‍ॅज अ ताहिशियन'. तिथे ती स्वतःच कमरेपर्यंत उघडी उभी आहे, हात पुढे एकावर एक घेतलेले, मागे एका पुरुषाची सावली. दोन-एक वर्षांत तीन बायका: पैसे घेऊन बसलेली, घरातली, आणि स्वतः.

माझं मत असं की या तिघींत पहिली सगळ्यात धीट आहे. ताहितीवालीवर पानंच्या पानं लिहिली गेलीत, त्या मानाने या बाईकडे फारसं कुणी वळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

आंबटगोड

सुरेख लिहिलंयस गं. झोफनीचं ते चित्र लगेच शोधून पाहिलं. भिंतीवरच्या दोघी खरंच ओळखू येत नाहीत इतक्या धूसर आहेत.

पण एक टोचतंय. गरीब बाईचा थकवा रंगवायचा आणि प्रदर्शनात कौतुक आपण झेलायचं, यात धीटपणा कसला? हिच्या घरी नोकरचाकर, हंगेरीत आजोळ, पॅरिसमध्ये घर. त्या बाईला तासाचे पैसे मिळाले आणि विषय संपला. करार मोडला म्हणतेस, पण तिचं नाव कुठे आहे? 'यंग गर्ल्स'मधल्या दोघींची नावं आपल्याला ठाऊक आहेत.

निळीशाई

@आंबटगोड, नावाचा मुद्दा बिनतोड आहे. 'यंग गर्ल्स' (१९३२) मध्ये इंदिरा आणि देनिस प्रूतो. एक नीट कपड्यांत, दुसरी अर्धवट, चेहऱ्यावर केस आलेली. पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मानाच्या प्रदर्शनात, १९३३ साली सुवर्णपदक मिळालं ते त्या चित्राला, मॉडेलच्या नाही. मैत्रिणीचं आणि बहिणीचं नाव राहतं, मजुरी करणारीचं राहत नाही, हे खरंच.

तरी माझा मुद्दा कौतुकाचा नव्हता गं. त्या वर्गात इतर पंचवीसजणांनी त्याच बाईला बसवून तिच्याजागी संगमरवरी पुतळा काढला असता. हिने जे समोर आहे ते काढलं. त्या बाईला त्याचा काय फायदा झाला, तर काही नाही.

खडूस_काका

फार भावुक होऊ नका मंडळी. शीर्षक झाकून चित्र पाहा. अभ्यासचित्र आहे, चांगलं आहे, पण विद्यार्थिनीचंच आहे. अंगाचा रंग अजून शाळेच्या पॅलेटवरचा. फ्रेंच चित्रकार सेझान तिला अजून पचायचा आहे. 'कामावर असलेली बाई' वगैरे सगळं त्या दोन शब्दांच्या शीर्षकातून तुम्ही काढलंत. खरी शेरगिल अजिंठा पाहिल्यानंतरची. पॅरिसमध्ये राहिली असती तर तिच्यासारख्या दहा गुणी बायका तिथे तेव्हा होत्याच. सुझान वालादों तर आधी स्वतः मॉडेल होती आणि मग चित्रकार झाली. थकलेली बाई कशी असते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

चारकोल

काका, वालादोंचं नाव काढलंत ते बरं झालं. रन्वार आणि तुलूझ-लोत्रेकसमोर ती बसायची आणि बसल्या बसल्या त्यांचे हात कसे चालतात ते बघून घ्यायची, रीतसर शाळा अशी नाहीच. तिच्या नग्न स्त्रियांना जाड, ठसठशीत बाह्यरेषा असते. देह आतून माहीत असल्यावर येते तशी.

पण 'शीर्षक झाकून पाहा' हे मला पटत नाही. मी मुंबईतल्या एका कलाशाळेत शिकलो. कुठली ते राहू द्या. लाइफ क्लासला आमच्याकडे एक मावशी यायच्या. चौथऱ्यावर बैठक ठरली की मास्तर खडू घेऊन त्यांच्या पावलांभोवती रेघ मारायचे, हाताचा तळवा टेकला असेल तर त्याच्याभोवतीही. मधल्या सुट्टीत मावशी उठायच्या, साडी गुंडाळायच्या, जिन्यात बसून चहा घ्यायच्या आणि परत येऊन पाऊल बरोब्बर त्या रेघेत ठेवायच्या. पावलं जुळायची, कंबर जुळायची नाही. चहानंतर पाठ अर्धा-एक इंच खाली बसलेली असायची आणि आम्ही कुरकुरायचो की 'मावशी, सकाळी जरा ताठ होता'. पोरं सकाळच्या पाठीवर दुपारचे खांदे चढवायची आणि चित्र बिघडलं की दोष त्यांच्यावर.

वर्गात पंखा लावायचा नाही, कारण सुट्ट्या कागदांचा फडफडाट. मेमध्ये त्या बाईंच्या पाठीवरून घामाची धार उतरायची आणि आम्ही ती 'हायलाइट' म्हणून रंगवायचो! त्या वयात यात काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, 'प्रोफेशनल मॉडेल' मी पहिल्यांदा छापील पुस्तकात पाहिलं तेव्हा शीर्षक वाचायच्या आधीच ओळखलं की ही मधल्या सुट्टीनंतरची पाठ आहे. सकाळची नाही. शेरगिलने ती सरळ केली नाही.

आंबटगोड

चारकोलदादा 🙏 आता ते चित्र पुन्हा पाहायला हवं.

गिरणगावकर

माफ करा, मी चित्रकलेतला अडाणी आहे, तरी विचारतो. प्रदर्शनाला घरच्यांसोबत गेलं की अशा चित्रापुढे पाय अडखळतो. मुलगी नववीत आहे, ती थांबून बघते आणि मीच पुढे चला, पुढे चला करतो. शिवाय आपल्याकडे यावरून पोलिसात जाणारेही असतात. कायद्याने असं चित्र लावायला काही आडकाठी असते का? आणि इथे मुंबईत हे नग्न मॉडेल बसवणं नक्की कधी सुरू झालं?

उलटतपासणी

@गिरणगावकर, वकिलाच्या चष्म्यातून सांगते. कायदा अश्लीलतेला हरकत घेतो, नग्नतेला नाही, आणि ही दोन्ही एक नाहीत हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींचं 'लव्हर्स' लागलं होतं. पोलिसांनी उतरवायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांचं स्वतःचं नग्न चित्र मुंबईतल्या प्रदर्शनातून काढायला लावलं होतं. गोव्यातल्या साळगावचा हा माणूस तसाही कुणाच्या धाकात राहणारा नव्हता.

गंमत अशी की हेच दोघे सत्तर वर्षांनी पुन्हा मुंबईतच अडकले. परदेशी लिलावात घेतलेल्या सात कलाकृती, चार सूझांच्या आणि तीन पदमसींच्या, २०२३ मध्ये कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केल्या. २५ ऑक्टोबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. सोनक आणि न्या. जैन) तो आदेश रद्द करून त्या परत द्यायला लावल्या. प्रत्येक नग्नचित्र म्हणजे अश्लील चित्र नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. तज्ज्ञांची मतं अधिकाऱ्याने बाजूला सारली यावरही न्यायालयाने बोट ठेवलं.

मुलीला थांबू द्या की! तुम्ही बाकावर बसा.

चारकोल

@गिरणगावकर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जे.जे. सुरू झाली १८५७ मध्ये, पण जिवंत नग्न मॉडेलवरून रीतसर अभ्यास आला तिथले प्रमुख कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ च्या सुमारास. तोवर मुख्यतः ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे, वस्त्रांतली मॉडेल्स वगैरे. म्हणजे अमृता पॅरिसला पोचली तेव्हा मुंबईतला लाइफ क्लास दहाएक वर्षांचा होता.

सेनकाठी

पॅरिसमध्ये राहते म्हणून थोडी भर. ग्राँद शोमिएर अजून त्याच गल्लीत, त्याच नावाने चालू आहे. तिथली मोठी सोय म्हणजे प्रवेशपरीक्षा नाही, परीक्षक नाहीत. पैसे भरा, जागा धरा, काढा. आजही छोट्या बैठकांची सत्रं असतात. काही मिनिटांत बैठक बदलते आणि कागद उलटेपर्यंत मॉडेल दुसरीकडे तोंड करून उभी.

पहिल्या महायुद्धाआधी या गल्लीच्या तोंडाशी सोमवारी सकाळी मॉडेल्सचा बाजार भरे. इटलीहून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं उभी असत. म्हाताऱ्याला संत म्हणून घ्या, आईला मॅडोना म्हणून, मुलाला देवदूत म्हणून. वय हे त्या बाजारात भांडवल होतं, तरुण पोरीलाच काम मिळे असं नाही. तेव्हा शेरगिलच्या बाईसारखी उतरलेल्या वयाची मॉडेल वर्गात असणं नवलाचं नव्हे. नवल इतकंच की तिला संत एलिझाबेथ, म्हणजे बायबलमधली म्हातारी संत, केलं नाही.

बाकी आंबटगोडच्या मुद्द्यावर: अमृताच्या घरी पैसा होता, पण कॅनव्हास, रंग आणि मॉडेल हा खर्च तेव्हाही जड होता. बहीण, मैत्रिणी, मारी लुईझ शासानी, बोरिस तास्लित्स्की ही माणसं पुन्हा पुन्हा चित्रांत येतात यामागे माया असेलच, बचतही असेल.

खडूस_काका

चारकोलच्या खडूच्या रेघा मान्य. चित्र पुन्हा पाहिलं. पाठीबद्दल तो म्हणतो ते आहे.

तरी अजिंठ्याचा मुद्दा मी सोडत नाही. ताहितीवाल्या चित्राच्याच वर्षी, १९३४ मध्ये, तिने घरी लिहिलं होतं की अजिंठ्याचं एक भित्तिचित्र किंवा पॅरिसच्या म्युझे गिमेतलं एक लहानसं शिल्प सगळ्या रेनेसाँपेक्षा मोलाचं आहे. तेव्हा अजिंठा तिने पाहिलेलाही नव्हता! पाहिला १९३६ च्या अखेरीस. मुंबईला ताजमध्ये प्रदर्शन झालं, कलासमीक्षक कार्ल खंडालावाला भेटले, मग अजिंठा-वेरूळ आणि पुढे थेट दक्षिण. 'थ्री गर्ल्स'ला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आणि बघा, भारतात आल्यावर नग्न देह जवळजवळ गेलाच की. 'ब्राइड्स टॉयलेट'मधल्या उघड्या पाठी-खांदे आणि हंगेरीत केलेलं १९३९ चं 'टू गर्ल्स' सोडलं तर आठवतंय का काही? तिला स्वतःलाच तो अभ्यास आता पुरे वाटला असणार.

निळीशाई

काका, पुरे वाटला की माणसं मिळेनात? सिमल्यात नि गोरखपूरकडच्या सराया गावी, घरच्यांच्या इस्टेटीवर, तिच्यासमोर बसायचे ते नोकर, शेजारपाजारचे गावकरी, नात्यातल्या बायका. त्यांना कोण सांगणार कपडे उतरवा म्हणून, आणि सांगावं तरी का. पॅरिसमध्ये तो व्यवहार होता, इथे तो व्यवहारच नव्हता.

पण मला वाटतं त्या बाईची बैठक तिने इथे आणली. 'थ्री गर्ल्स'मधल्या तिघी बघा. कपड्यांत आहेत, तरुण आहेत, पण कुणीतरी बसवलंय म्हणून बसल्यात. खांदे उतरलेले, एकमेकींकडे बघत नाहीत. अजिंठ्यात अशी अवघडलेली बाई मला तरी दिसलेली नाही, तिथल्या बायका आपल्या अंगात मजेत असतात. आणि 'थ्री गर्ल्स' आहे १९३५ चं, अजिंठ्याआधीचं.

खडूस_काका

हम्म. तारखेने मारलंत. अजिंठा रंगात आला म्हणतो मी, खांद्यात नसेल.

गिरणगावकर

मुलीला हा धागा वाचायला दिला. तिचा प्रश्न: 'स्लीप'मधली बहीण खरंच झोपलीय की झोपेचं सोंग? जाणकारांनी सांगावं.

चारकोल

हुशार आहे मुलगी. माझं मत सोंगाच्या बाजूने. आडवी बैठक सोपी वाटते, तशी नसते. ज्या बाजूवर भार येतो ती बधिर होते. हात डोक्याशी वर असेल तर खांद्याला रग लागते आणि बोटांना मुंग्या येतात. बैठकांची प्रतवारी लावायची तर हात वर करून उभं राहणं सगळ्यात वाईट, मग वर हात घेऊन आडवं पडणं, आणि सगळ्यात बरी म्हणजे पाठ सैल सोडून बसणं. मुरलेली मॉडेल विचारल्यावर तीच मागते. तेव्हा 'प्रोफेशनल मॉडेल'मधल्या बाईने ती बैठक स्वतःच निवडली असली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

इंदिरा खरंच झोपली असती तर अर्ध्या तासात कूस बदलली असती आणि शालीवरचा ड्रॅगन तिच्या पाठीखाली गेला असता. तैलरंगाला बैठका लागतात, एका दुपारच्या डुलकीत एवढं चित्र होत नाही. म्हणजे पोरगी डोळे मिटून, हात तसाच ठेवून, मुंग्या सोसत पडून राहिली. तीही कामावरच होती. फक्त ताईने तिला तासाचे पैसे दिले असतील असं वाटत नाही :)